निर्जीव शिपायाचा स्वसंरक्षणाचा हक्क

पोलिसांनी आपल्याकडची लष्करी धाटणीची सामग्री जाहीर करावी आणि तिच्या वापराला लोकप्रतिनिधींची मंजुरी घ्यावी, असा कायदा कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केला. त्यानुसार सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी दिलेल्या यादीत बॉम्ब हुडकणारे यंत्रमानवही होते. ॲरन पेस्किन या नगरप्रतिनिधींनी मसुद्यात एक वाक्य घातले: यंत्रमानवाचा वापर कोणाही माणसाविरुद्ध बळ म्हणून होऊ नये. पोलिसांनी ते खोडले आणि जीव जाण्याचा धोका समोर उभा असेल, तर यंत्रमानवाकरवी ठार मारण्याची मुभा लिहून टाकली. २९ नोव्हेंबर २०२२ रोजी नगरमंडळाने ती ८ विरुद्ध ३ मतांनी मान्य केली आणि निदर्शने झाल्यावर आठवड्याभरात माघार घेतली. लोक बोलत होते ते सिनेमातल्या बेभान यंत्रांविषयी. मला ती खोडाखोड अधिक बोलकी वाटते.

पोलीस गोळी झाडतो ती कोणत्या अधिकारात? शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम. पोलिसाच्या बंदुकीला आधार असतो तो जीव वाचवण्याच्या हक्काचा. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा. यंत्र पुढे धाडले की यातला पहिला आधार तिथेच गळून पडतो, कारण यंत्राला जीव नाही. फुटले तर दुसरे विकत आणता येते. मग यंत्रामुळे पोलिसांना थांबायला, बोलणी लांबवायला उसंत मिळायला हवी. पण अमेरिकेतल्याच डॅलसमध्ये ७ जुलै २०१६ च्या रात्री पाच पोलिसांना ठार करून एक माजी सैनिक महाविद्यालयाच्या इमारतीत दडून बसला. काही तासांची बोलणी फिसकटल्यावर पोलिसांनी दूरनियंत्रित यंत्रावर स्फोटके बांधून ती त्याच्याजवळ नेली आणि उडवली. २०१८ मध्ये ग्रँड ज्यूरीने कोणावरही आरोप ठेवला नाही. तो माणूस निःसंशय धोकादायक होता, आणि त्या रात्रीच्या अधिकाऱ्यांना मी सरसकट दोषी धरणार नाही. पण धोका सांगितला गेला तो त्याच्यावर चालून जाणाऱ्या पोलिसांच्या जिवाचा, आणि यंत्र हाताशी असताना चालून जाण्याची घाई कोणाला होती?

यंत्र घाबरत नाही, घाबरलेल्या शिपायासारखे उगाच गोळ्या झाडत नाही, असे समर्थक म्हणतात. खरे आहे. पण तो लाभ निःशस्त्र यंत्रही देते. कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक घेऊन ते आत शिरू शकते. दुसरा युक्तिवाद असा की अखेरचा निर्णय माणसाच्याच हाती राहील. २००३ मध्ये इराकच्या युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने ब्रिटिश टोर्नेडो विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले. यंत्रणेसमोर माणसे बसलेली होती, तरी क्षेपणास्त्र सुटले आणि विमानातले दोघे मेले. निर्णयाला काही क्षणच असले की माणूस यंत्राच्या निदानावर मान डोलावतो. आकाशात किमान शत्रू की मित्र एवढाच प्रश्न होता. बाजारच्या गर्दीत हातात मोबाईल आहे की पिस्तूल, पळणारा हल्लेखोर आहे की घाबरलेले गिऱ्हाईक, हे ओळखायचे असते. वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनच्या नाक्यावर इस्रायली सैन्याने २०२२ मध्ये बसवलेली यंत्रणा नेम धरायला मदत करते. ती अश्रुधूर आणि स्पंजच्या गोळ्यांसाठी आहे असे सांगितले जाते, पण नळीत काय भरायचे हा उद्या नुसता पुरवठ्याचा प्रश्न उरतो.

चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे तर आणखी अवघड. मुंबईत १९९५ ते १९९७ दरम्यानच्या ९९ चकमकींत १३५ माणसे मारली गेली. त्यावरून उभ्या राहिलेल्या पीयूसीएल (ही नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नियम घालून दिले: गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकारी चौकशी करा, गोळी झाडणाऱ्याचे शस्त्र तपासणीसाठी जमा करा. प्रत्यक्षात ते किती पाळले जातात हा वेगळा विषय. पण त्या साऱ्यात एक गोळी झाडणारा गृहीत आहे. स्वयंचलित यंत्राचे शस्त्र जमा करता येईल. पण त्याने नेम का धरला याचा जबाब कोण देणार? खरेदीवर सही करणारा अधिकारी, संगणकप्रणाली लिहिणारी कंपनी, की पाळीवर बसलेला शिपाई?

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्वायत्त शस्त्रांविषयीचा ठराव १५२ मतांनी संमत झाला. विरोधातल्या चार देशांत भारत होता. हा विषय जिनिव्हातल्या पारंपरिक शस्त्रांच्या कराराच्या चौकटीतच हाताळावा, अशी भारताची भूमिका. पण तो करार युद्धापुरता आहे. रेल्वे स्थानकावर किंवा मोर्चापुढे उभे राहणारे यंत्र त्या चौकटीत बसत नाही. त्याला अडवायचे तर देशातलाच कायदा लागेल, आणि पोलिसांनी यंत्र विकत घेण्याआधी त्याचा वापर लोकप्रतिनिधींपुढे उघडपणे मांडावा, असे कॅलिफोर्नियासारखे बंधन आपल्याकडे नाही.