प्रेमाचा सल्ला आणि म्हातारपणाची पुंजी



सेवानिवृत्तीची रक्कम ही आपल्या समाजात फार जुनी गोष्ट नाही. आपल्या आजोबांनी सालदारकी केली. त्यांना ना फंड होता, ना ग्रॅच्युइटी. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेतून किंवा एस.टी.तून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हाती काही लाख रुपये पडतात, तेव्हा बहुधा त्या घराण्याने पाहिलेले ते पहिलेच धन असते. अशा वेळी मुलगा, जावई किंवा धाकटा भाऊ सांगतो, "सगळ्याचं सोनं घेऊन टाका. सोनं कधी बुडत नाही." सांगणारा परका नसतो, जिवाभावाचा असतो. म्हणून प्रश्न पडतो : प्रेमाने सांगितले एवढ्यावरून ते खरे मानावे काय? आणि न मानल्यास प्रेमाचा अपमान होतो काय?

तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पडताळा. जिथे गुरूच्या शब्दाला सूट नाही, तिथे जावयाच्या शब्दाला कशी असेल?

तेव्हा पडताळू या. २०१२ साली दहा ग्रॅम सोने ३१,००० रुपयांच्या आसपास होते. २०१५ साली ते २६,००० च्या घरात उतरले. २०२५ साली १ लाखाच्या वर गेले. म्हणजे २०१५ साली घेणाऱ्याचे भले झाले. परंतु २०१२ साली घेऊन २०१५ च्या आजारपणात ज्याला विकावे लागले, त्याचे काय? भाव चढतो हे खरे. आपल्या गरजेच्या दिवशी तो चढलेला असेल, याची हमी कोणी देत नाही. शिवाय सोन्याला व्याज नाही, आणि औषधाला दरमहा पैसा लागतो. दागिना केला तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही. सुनेच्या गळ्यात घातलेला दागिना तर मागवतही नाही.

आपण सोन्याचे वैरी नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना कथलाचे व चांदीचे जातदर्शक दागिने टाकायला सांगितले. घालायचेच तर सोन्याचे घाला, नाहीतर घालू नका, असे बजावले. तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. त्याच बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयाविषयीच्या ग्रंथात सोन्याशी रुपया बांधण्यापेक्षा त्याची वस्तू विकत घेण्याची शक्ती स्थिर असणे महत्त्वाचे मानले. आपणही तोच प्रश्न विचारावा : या पुंजीतून पुढची वीस वर्षे डाळ-तांदूळ आणि औषध येईल काय?

सिगालोवाद सुत्तात धनाचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा संकटासाठी राखून. सगळे एकाच ठिकाणी ठेवा, असे त्यात कुठेही नाही. थोडे सोने, थोडे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, थोडे हाताशी, ही वाटणी त्या उपदेशाला धरून आहे.

सल्ला देणाऱ्याचेही कर्तव्य आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेस या दागिन्यांच्या दुकानावर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. दर आठवड्याला परतावा आणि नवे गिऱ्हाईक आणणाऱ्याला बक्षीस, अशी ती योजना होती. अशा योजना नात्यागोत्यातूनच पसरतात. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण आपल्याला काय मिळणार आणि आपल्याला काय ठाऊक नाही, हे न सांगता दिलेला सल्ला सम्यक् वाचा ठरत नाही. सल्ला चुकला तर सांगणारा हळहळतो; उपाशी राहतो तो म्हातारा. ज्याला परिणाम भोगायचा, निर्णय त्याचाच असला पाहिजे, आणि त्याच्या पत्नीचाही.

म्हणून मुलाला प्रेमाने सांगावे, "बाबा रे, तुझी माया मला मान्य आहे; हिशेब मात्र आपण दोघे मिळून करू." यात प्रेमाचा अपमान नाही. विचारलेला प्रश्न ज्याला सहन होतो, तोच कल्याणमित्र.

जय भीम!