फळ आणि निर्णय

गेल्या सुटींत भाचा कात्रजला आमच्या घरीं राहावयास आला होता. सायंकाळीं तळ्याकडून फिरून आल्यावर तो मला पत्त्यांतील पोकर शिकवूं लागला. पैशांचें नांव नव्हतें. चिंचोक्यांवर खेळ चाले. हातीं पांच पानें येतात. नको तीं टाकून नवीं घ्यावयाचीं. परंतु त्यापूर्वीं समोरच्यानें लावले तेवढे चिंचोके आपणहि लावावे, नाहीं तर डाव सोडावा.

मला चार बदाम आले. पांचवा मिळाला तर डाव माझा. मध्यें 20 चिंचोके होते, भाच्यानें आणखी 20 टाकले, आणि माझ्यापाशीं शेवटचे 20 उरले होते. मीं ते लावले, एक पान बदललें, आणि बदामच आला! भाचा शांतपणें म्हणाला, "मामा, जिंकलात खरे, पण खेळलात चुकीचें."

त्याचा हिशेब सरळ होता. न दिसलेलीं पानें 47, त्यांत बदाम 9; म्हणजे पांचांत एकदांहि यशाचा संभव नाहीं. 40 मिळविण्यासाठीं 20 घालावयाचे, तर निदान तिनांत एकदां यश हवें.

वनपर्वांत विदर्भाचा जांवई नल द्यूतांत राज्य हरतो. पुढें ऋतुपर्ण बेहड्याचीं फळें-पानें न मोजतां त्यांची संख्या सांगतो. ती विद्या मिळतांच नलाच्या देहांतून कलि निघून जातो. मोह जगतो तो गणनेच्या अज्ञानावर, हेंच त्या कथेचें मर्म मला वाटतें.

पण व्यवहारांत आपण निर्णयाची पारख फळावरून करतों. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेस मीं संमति दिली होती. ते वांचले नाहींत. तेव्हांपासून मी स्वतःस अपराधी मानीत आलों.

कोणी म्हणेल, असें समाधान हरलेला प्रत्येक जुगारी करून घेतो. खरें आहे, परंतु तो हिशेब मांडतो तो हरल्यानंतर, आणि जिंकल्यावर मुळींच मांडीत नाहीं. जो आपल्या विजयासहि चूक म्हणूं शकतो, त्यालाच आपल्या अपयशास निर्दोष म्हणण्याचा अधिकार आहे. वडिलांच्या वेळीं डॉक्टरांना विचारून, दोन्हीं बाजूंचा धोका तोलून मीं होकार दिला होता. त्या रात्रीं प्रथमच मला वाटलें कीं, दुःख माझें आहे, तें राहील. अपराध मात्र माझा नव्हता.