प्रतिनिधीच्या दारीं

लोकप्रतिनिधीच्या घरीं जाऊन रेल्वेसाठीं सार्वजनिक पैसा मागणें हा नागरिकाचा हक्क, कीं ती सभ्य वेषांतली याचना, हा प्रश्न आमच्या मनांत एका लहानशा प्रसंगानें उत्पन्न झाला. कोंकण रेल्वेवरील आमच्या गांवच्या स्टेशनावर एका जलद गाडीला थांबा मिळावा म्हणून आम्ही पांचसहा मंडळी खासदारांच्या भेटीस गेलों होतों. त्यांनीं चहा दिला, निवेदन वाचलें आणि रेल्वेमंत्र्यांस पत्र लिहिण्याचें कबूल केलें. काम झालें अशा समाधानांत आम्ही पॅसेंजर गाडीनें परत निघालों. मधल्या एका स्टेशनावर ती गाडी बाजूच्या रुळावर बराच वेळ उभी राहिली. कारण विचारण्याची गरज नव्हती. मार्ग बहुतेक एकेरी. जलद गाडी निघून जाईपर्यंत पॅसेंजरनें वाट पाहावयाची. आम्हीं मागितलेल्या दोन मिनिटांच्या थांब्याची किंमत याच डब्यांत दाटीनें उभ्या असलेल्या माणसांनीं अशाच एखाद्या ठिकाणीं मोजावयाची होती, आणि आमच्या निवेदनावर त्यांच्यापैकीं एकाचीही सही नव्हती. सही घेण्याचें आम्हांला सुचलेंही नव्हतें.

गाऱ्हाणें घेऊन जाण्यांतच हीनता आहे असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. कोंकणांत रेल्वे आली तीच मुळीं मागून मागून आली. बॅ. नाथ पै यांनीं हा प्रश्न लोकसभेंत लावून धरला. त्यांच्यामागून राजापूर मतदारसंघांतून मधु दंडवते निवडून आले. १९९० सालीं महामंडळ स्थापन झालें तेव्हां दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. भांडवलांत केंद्राचा वांटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकीं ६. १९९८ च्या २६ जानेवारीस सबंध मार्ग खुला झाला. ही मागणीही एका भागाचीच होती. परंतु ती भर सभागृहांत झाली. ज्यास विरोध करावयाचा त्यानें उठून करावा, अशी सोय तेथें होती. खासदारांच्या बैठकीच्या खोलींत आमच्याविरुद्ध बोलणारें कोण होतें?

अमेरिकेंत प्रवाशांच्या संघटनेचे लोक वॉशिंग्टनला जाऊन आपापल्या प्रतिनिधींस भेटतात. १९७१ सालीं सुरू झालेल्या ॲमट्रॅकला मिळणारा सरकारी पैसा काँग्रेस मंजूर करते, तेव्हां ते प्रतिनिधीकडे मागतात तें त्याचें मत. आमच्याकडे खासदारापाशीं मागावयाचें तें बहुधा शिफारसपत्र. वास्तविक रेल्वेच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेपुढेंही येतात. त्यांवर बोलतां येतें, कपातसूचना देतां येते. वेळ संपला तर त्या चर्चेवांचूनही मंजूर होतात. या चर्चेंत आपण काय बोलणार आहांत, असें आम्हीं खासदारांस विचारलें नाहीं. आमचें काम पत्रानें भागत होतें.

पुन्हां हा पैसा कोणाचा? प्रवाशाच्या तिकिटांतून त्याच्या प्रवासाचा खर्च भागत नाहीं; मोठी तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नांतून भरून काढावी लागते, म्हणजे ज्याच्या घरीं कोळशाच्या विजेचा दिवा जळतो तोही आमच्या तिकिटास हातभार लावतो. तेव्हां ‘आमचा हक्क’ हे शब्द उच्चारतांना आवाज थोडा खालीं आणणें बरें.

असें असलें तरी घरीं बसून राहणें हेंही उत्तर नव्हे. आम्ही गेलों नाहीं म्हणून पॅसेंजरमध्यें उभ्या असलेल्या बाईस बसावयास जागा मिळत नाहीं. तिला खासदारांकडे जावयाचें तर दिवसाची मजुरी बुडते. जाण्याची सवड ज्यांना आहे ते पेन्शनर, वकील, शिक्षक, म्हणजे आम्हीच. गांधीजींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचे हाल वर्तमानपत्रांस लिहून कळविले, तेव्हां ते स्वतः त्या वर्गानें हिंडत होते. आमच्या शिष्टमंडळांतल्या बहुतेकांनीं पॅसेंजरनें प्रवास केला तो त्या दिवशीं, तोही परतीच्या वाटेवर.

दुसरें निवेदन आम्हीं लिहून ठेवलें आहे. पॅसेंजरला डबे वाढवावे आणि तिचा खोळंबा कमी करावा, ही मागणी त्यांत पहिली आहे, थांब्याची दुसरी. आमच्यांतले वकील म्हणतात, दोन गोष्टी मागितल्या कीं एकही पदरांत पडत नाहीं, पहिली गाळा. त्यांचा अनुभव मोठा आहे. कागद अजून टेबलावरच आहे, आणि सह्या गोळा करण्यास येत्या सोमवारीं सकाळच्या पॅसेंजरनें जावयाचें ठरलें आहे. वकीलसाहेबही येणार आहेत.