श्वास घेणारा कोण?

वाणी, डोळे, कान, मन आणि प्राण यांत श्रेष्ठ कोण, हा वाद छांदोग्य उपनिषदात चांगलाच रंगला आहे. वाणी वर्षभर निघून गेली, तरी शरीर मुक्याने जगले. डोळे गेले, ते आंधळेपणी जगले. प्राण निघू लागला मात्र, बाकीच्यांचीही मुळे उखडू लागली.

प्राण म्हणजे श्वास धरला, तर तो फुप्फुसात संपत नाही. ऑक्सिजन रक्तातून पेशींमधल्या तंतुकणिकांपर्यंत, म्हणजे मायटोकाँड्रियांपर्यंत पोचतो. ग्लुकोजचे विघटन सुरू होते पेशीद्रवात. त्यातून बनलेले पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरते. तिथे क्रेब चक्रातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन आतल्या पटलातील प्रथिनांच्या साखळीकडे जातात. त्यांच्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. धरणाचे पाणी टर्बाइनमधून सुटावे तसे ते परततात, आणि तिथले विकर खरोखरच गरगर फिरत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, घडवते. जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी प्रोटॉनांची ही कल्पना १९६१ मध्ये मांडली. ती पचनी पडायला वर्षे गेली; नोबेल आले १९७८ मध्ये. साखळीच्या टोकाला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते.

म्हणून एटीपी हाच प्राण, असे म्हणण्याचा मोह टाळावा. जगणे कोण धरून ठेवतो, हे उपनिषद विचारते. ते कसे चालते, हे रसायनशास्त्र सांगते. पण ‘मी’ कोण, या प्रश्नाशी मात्र जीवशास्त्राला थांबावेच लागते. कारण आपल्या पेशींतल्या या तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जीवाणू होत्या, हे जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये एका लेखात ठामपणे मांडले. अनेक नियतकालिकांनी तो लेख नाकारला होता. आज ते मत सर्वमान्य आहे. माणसाच्या तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए आहे, त्यात ३७ जनुके आहेत, आणि ती आईकडून येतात.

जगवणारी ही कणिका मारतेही. श्वसनात इलेक्ट्रॉन वाहणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन तिच्यातून बाहेर सांडले की पेशी स्वतःला संपवते. गर्भाची बोटे सुटी होतात, तीही मधल्या पेशींच्या अशा नियोजित मृत्यूमुळे.

तंतुकणिकांमुळे उठणारा ‘मी कोण’ हा प्रश्न २०१५ मध्ये ब्रिटनच्या संसदेत पोचला. आईच्या सदोष तंतुकणिकांमुळे बाळाला गंभीर आजार होऊ नये, म्हणून दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातील निरोगी तंतुकणिका वापरण्यास कायद्याने परवानगी मिळाली. कॅथलिक चर्चने विरोध केला. एका पद्धतीत फलित बीजांड नष्ट होते, ही हरकत गंभीरपणे ऐकण्याजोगी होती. ‘तीन पालकांचे मूल’ ही वर्तमानपत्री आरोळी तितकी नव्हती, कारण केंद्रकातली सुमारे वीस हजार जनुके आईवडिलांचीच असतात. कायद्यानेही दात्रीला आई मानलेले नाही.

तरीही ३७ हा आकडा लहान आहे, एवढ्यावरून नाते नाकारणे अपुरे वाटते; त्या जनुकांवाचून मुलाचा एकही श्वास कामी आला नसता. ब्रिटनमध्ये अशा मुलाला सोळाव्या वर्षी दात्रीविषयी काही माहिती मागता येते, पण ओळख नाही. ती ओळख मागण्याचा हक्कही त्याला मिळायला हवा.