आळ आणि नकार

खऱ्या आरोपाला आणि खोट्या आळाला मनुष्य एकाच शब्दाने उत्तर देतो : 'नाही.' निरपराध्याजवळ याहून निराळा शब्द नसतो आणि अपराध्याला याहून सोयीचा शब्द सापडत नाही. सत्यवचनाची महती आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. परंतु अपराध्याचे 'नाही' हे निरपराध्याच्या 'नाही'चे काय करून ठेवते, याचा विचार क्वचितच होतो. तो करावयाचा तर अमेरिकेतील बेसबॉल या खेळाचा अलीकडचा इतिहास विलक्षण बोधक आहे.

हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. फटकावलेला चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला की त्यास 'होम रन' म्हणतात. एका मोसमात ६१ होम रनांचा रॉजर मॅरिसने १९६१ साली केलेला विक्रम सदतीस वर्षे टिकला. १९९८ साली मार्क मॅक्ग्वायरने ७० होम रन मारून तो मोडला, तेव्हा सारा देश आनंदाने वेडा झाला. स्नायू फुगविणारी स्टिरॉइड द्रव्ये निषिद्ध असल्याचे खेळाच्या प्रमुखांनी १९९१ मध्येच कळविले होते. पण चाचणीच नव्हती. ती २००३ साली निनावी स्वरूपात आली आणि पुढील वर्षापासून तिला शिक्षेची जोड मिळाली. राखण नसलेल्या शेतात गुरांनी शिरू नये, अशी अपेक्षा तोवर सर्वांनी बाळगली होती.

१७ मार्च २००५ रोजी नामांकित खेळाडूंना अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या एका समितीपुढे शपथेवर बोलावण्यात आले. राफाएल पाल्मेरोने समितीकडे बोट रोखून ठणकावले की, आपण स्टिरॉइड कधीही घेतलेले नाही. मॅक्ग्वायरने भूतकाळाविषयी बोलण्याचेच नाकारले. लोकांनी त्याच्या मौनाची निंदा केली आणि पाल्मेरोचा बाणेदारपणा वाखाणला. त्याच वर्षाच्या १ ऑगस्टला पाल्मेरो चाचणीत सापडल्याचे जाहीर होऊन त्यास दहा दिवसांची बंदी झाली. आपण जाणूनबुजून काही घेतले नाही, सहकाऱ्याने दिलेल्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनातून ते आले असावे, असे तो सांगू लागला. खोट्या साक्षीचा खटला त्याच्यावर झाला नाही. तो खरे बोलत असेलही. पण ते रोखलेले बोटच आता त्याच्या आड आले.

तथापि मला या साऱ्यांत अधिक विचार करावयास लावणारे प्रकरण वाटते ते रायन ब्राउनचे. मिलवॉकी संघाचा हा तरुण फलंदाज २०११ साली आपल्या गटातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस, शनिवारी, त्याच्या मूत्राचा नमुना घेण्यात आला आणि त्यात कृत्रिम टेस्टोस्टेरॉन आढळले. परंतु नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्याने, त्या दिवशी तो पुढे रवाना होणार नाही अशा समजुतीने, तो सोमवारपर्यंत आपल्या घरी ठेवला होता. ब्राउनने या विलंबावर बोट ठेवले आणि लवाद श्याम दास यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याची बंदी रद्द केली.

येथपर्यंत त्यास दोष देता येणार नाही. प्रक्रियेतील त्रुटी दाखविणे हा आरोपीचा हक्कच आहे, मग तो अपराधी का असेना. पण दुसऱ्या दिवशी वार्ताहरांपुढे उभा राहून ब्राउनने, हे द्रव्य आपल्या शरीरात कधी गेलेच नाही, अशी जिवाची पैज लावली आणि पुढे सुचविले की, नमुना घेणाऱ्याविषयी आपणास अशा काही गोष्टी कळल्या आहेत की ज्यांवरून संशय यावा.

'नरो वा कुंजरो वा' याचा अर्थ आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतो. नमुना दोन दिवस घरी होता हे खरे, विलंब झाला हेही खरे. सुचविलेला निष्कर्ष मात्र खोटा. युधिष्ठिराच्या अर्धसत्याने द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले, ते त्या वार्तेच्या बळावर नव्हे, तर बोलणाराने आजवर साठविलेल्या सत्याच्या बळावर. धर्मराजाचा रथ भूमीला टेकला, म्हणजे शिक्षा निदान बोलणाऱ्याला तरी झाली. मिलवॉकीत ती आधी भोगावी लागली त्या कर्मचाऱ्याला. आपण नियमाप्रमाणेच वागलो आणि या प्रकाराने आपणास व कुटुंबियांस फार मनस्ताप झाला, असे निवेदन त्याला काढावे लागले. म्हणजे आळ नाहीसा झाला नव्हता. तो केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला होता, आणि दुसऱ्या खांद्यापाशी ना कीर्ती होती ना वकिलांची फौज.

जुलै २०१३ मध्ये दुसऱ्या चौकशीत पुरावे पुढे येताच ब्राउनने उरलेल्या ६५ सामन्यांची बंदी स्वीकारली. ऑगस्टमध्ये त्याने लेखी कबुली दिली आणि त्या कर्मचाऱ्याचे नाव घेऊन क्षमा मागितली.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना पश्चात्तापाच्याही आधी 'ख्यापन' येते. ख्यापन म्हणजे आपले कर्म आपल्याच तोंडाने सांगणे. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. पश्चात्ताप मनातल्या मनात करता येतो आणि त्याची खोली कोणी मोजीत नाही. सांगितल्यावाचून मात्र ज्याचे नुकसान झाले त्याला काहीच परत मिळत नाही. अर्थात ख्यापनातही हात राखता येतो. २०१० साली मॅक्ग्वायरने कबुली दिली, मॅरिसच्या विधवा पत्नीचीही क्षमा मागितली. पण ती द्रव्ये दुखापतींसाठी होती, होम रन मारण्याची देणगी तर ईश्वराची, असे तो म्हणाला. ईश्वराला असे साक्षीला ओढण्याची सवय आपल्याकडेही काही कमी नाही! अँडी पेटिटने २००७ च्या मिचेल अहवालात आपले नाव येताच दोनच दिवसांत मान्य केले. तरी एक प्रसंग त्याने दडविला होता, कारण ते औषध त्याला वडिलांकडून मिळाले होते. २००८ मध्ये शपथेवर विचारले तेव्हा त्याने तोही सांगितला. पित्यासाठी धरलेल्या त्या मौनाला दोष देताना माझी लेखणी अडखळते.

आणि ज्याच्याविरुद्ध काहीच सिद्ध नाही, त्याचे काय? जेफ बॅगवेल चाचणीत कधी दोषी ठरला नाही, मिचेल अहवालातही त्याचे नाव नाही. त्याने इन्कार केला. पण त्याचे दंड पीळदार होते आणि काळ तो होता. खेळाच्या सन्मान-दालनात प्रवेश मिळण्यास त्याला २०१७ साल, म्हणजे सातवे मतदान, उजाडावे लागले. रॉजर क्लेमेन्सला २०१२ साली न्यायालयाने खोट्या साक्षीच्या सर्व आरोपांतून मुक्त केले. पण २०२२ पर्यंतच्या दहाही मतदानांत तो नाकारला गेला. मतदारांना मी अन्यायी म्हणणार नाही. त्यांनी आधी इतकी 'नाही' ऐकली होती की, पुढच्या 'नाही'साठी त्यांच्यापाशी विश्वासच उरला नव्हता. तो खर्च करणारे निराळे होते.

ब्राउन शिक्षा भोगून परतला. २०१४ च्या मोसमातील पहिल्या सामन्यात मिलवॉकीच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांच्या गजरात त्याचे स्वागत केले. नमुना घेणाऱ्या त्या गृहस्थासाठी कोणी उभे राहिल्याचे माझ्या वाचनात नाही.