अपेक्षांचे मोल

अमेरिकन फुटबॉलमधील संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’द्वारे तरुण खेळाडू क्रमाने निवडतात. २००९ साली सिअ‍ॅटलच्या संघाने एरन करी या लाइनबॅकरला, म्हणजे बचावातील खेळाडूला, चौथ्या क्रमांकावर निवडले. करार कोट्यवधी डॉलरांचा. अपेक्षा त्याहून मोठ्या. त्या पुऱ्या झाल्या नाहीत. २०११ मध्ये त्याला दुसऱ्या संघाकडे धाडले गेले, २०१३ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे प्रशिक्षक होऊन तो इतरांना हाच खेळ शिकवू लागला. त्याला आपण अपयशी म्हणावे काय?

तालंतांच्या दाखल्यात धनी प्रत्येकाला कुवतीप्रमाणे देतो आणि पाच व दोन तालंतवाल्यांची सारखीच प्रशंसा करतो. बाजार कुवतीचा केवळ अंदाज बांधतो. तो चुकला की दोष तरुणाच्या माथी मारतो. मुलांचे गुणपत्रक हाती घेताना आपण कोणाचे माप वापरतो, याचा आपण प्रामाणिकपणे विचार करावा.