शेजारी बसणाऱ्याचा हक्क

परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींना निरोप देताना वडीलधारी मंडळी बहुधा दोन सूचना देतात. नमाज सोडू नका आणि अनोळखी लोकांत फार मिसळू नका. पहिली सूचना दीनची आहे, यात शंका नाही. दुसरीही दीनचीच आहे, असे आपण गृहीत धरतो. वाचकहो, ते खरे आहे काय?

सूरह अन्-निसाच्या ३६व्या आयतीत ज्यांच्याशी सद्वर्तन करावयाचे त्यांचा उल्लेख आहे. आईवडील, नातलग, अनाथ, गरजू आणि दोन्ही प्रकारचे शेजारी यांच्यानंतर तेथे ‘अस्साहिबि बिल्-जम्ब’ येतो, म्हणजे बाजूचा सोबती. काही भाष्यकारांनी याचा अर्थ पत्नी असाही केला आहे. परंतु बाराव्या शतकातील ज़मख़्शरी यांनी त्यात प्रवासातील सोबती, विद्या शिकताना बरोबर असणारा, इतकेच नव्हे तर बैठकीत शेजारी येऊन बसणाराही घेतला. त्याची श्रद्धा कोणती, हे आयत विचारीत नाही. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात आपल्या भांड्यात काय शिजते आहे, असे कुतूहलाने विचारणारी व्यक्तीही या अर्थाने हक्कदार ठरते.

हा हक्क केवळ उपद्रव न देण्याने पुरा होत नाही. इस्लाममध्ये उत्तम काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्नदान आणि ओळखीच्या व अनोळखी अशा दोघांनाही सलाम, या दोन गोष्टी सांगितल्या (बुख़ारी, मुस्लिम).

एका अभिवादनाचे मोल किती असते, हे इब्न बतूता यांच्या प्रवासवर्णनात दिसते. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हज आणि विद्या यांसाठी त्यांनी टँजियर सोडले. तापाने खंगलेल्या अवस्थेत ते ट्युनिसला पोहोचले. नगरातील लोक सामोरे येऊन काफिल्यातील आपापल्या परिचितांना भेटत होते. यांना ओळखणारे कोणीच नव्हते. त्यांना रडू आवरेना. एका यात्रेकरूने ते पाहिले, जवळ येऊन सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत तो त्यांच्याशी बोलत राहिला. हे वर्णन १३५५ मध्ये पूर्ण झाले. असंख्य दरबार पाहून आलेला माणूस तीस वर्षांनंतरही ती वाट विसरला नव्हता.

परधर्मीयांत राहून ईमान दुबळे होईल, ही भीती अनाठायी नाही; पण तिचा विचार हबशाचे स्मरण ठेवून करावा. हज़रत जाफ़र (रज़ि.) आणि त्यांचे साथी ख्रिस्ती बहुसंख्येच्या त्या देशात वर्षानुवर्षे राहिले आणि हिजरी ७ मध्ये परतले. त्यांचा दीन तेथे हरवला नाही.

आमच्या मते खरी अडचण निराळी आहे. भाषेचा संकोच, हसे होण्याची धास्ती, आपल्याच जिल्ह्यातील चार मुलांच्या खोलीतील ऊब. आणि या सर्वांना आपण तक़वा असे नाव देतो. दोन वर्षे संपतात, पदवी मिळते, पण त्या देशातील एकाही घराचा उंबरा ओलांडलेला नसतो. सूरह अल्-हुजुरातच्या १३व्या आयतीतील ‘लितआरफ़ू’ हे क्रियापद परस्परतेचे आहे. आपण त्यांना ओळखावे, तसेच त्यांनाही आपली ओळख होऊ द्यावी. ‘मी मद्य घेत नाही, पण उद्या चहाला अवश्य येईन,’ एवढे म्हणण्याने मर्यादाही राहते आणि दारही उघडे राहते. निमंत्रण नुसते टाळत राहिलो, तर समोरच्याला वाटते, याला मीच नको आहे.

उलट टोकही बरे नव्हे. प्रत्येक परिचयाकडे दावतचे साधन म्हणून पाहणारा माणूस लवकरच ओळखू येतो, आणि मग त्याच्या आपुलकीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. सावधगिरी हवी ती अन्यत्र. गोड बोलून तुमच्या बँक खात्यातून स्वतःचे पैसे फिरवू पाहणाऱ्याला नकार द्यावा, मग तो सलाम करून आलेला का असेना.

येत्या ईदला परदेशी शीरखुर्मा करणार असाल, तर स्वयंपाकघरातील सोबत्यांना आधीच विचारून ठेवा. काहींना दूध किंवा सुकामेवा चालत नाही.